चौथ्या दिवशी वारा सुटला

पहिले तीन दिवस रेइयो झोपलाच नाही.
आडवा पडला, गळ्यापर्यंत टॉवेल ओढून,
पण पहाटे तीनला पाहावं तर खिडकीशी उभा,
आभाळ किती जड आहे ते जोखत.

एकोणीस हिवाळे हा माणूस
केमियार्वीच्या रस्त्यांवरून बर्फ ढकलत आला आहे.
आमच्याकडे तीनला फोन वाजतो,
मी कूस बदलते, तो मोजे शोधतो,
आणि गाव उठतं तेव्हा वाट आयती मोकळी असते.
कुणी केली, कुणी विचारत नाही.

इथे आल्या आल्या तो फोन मी बंद केला
आणि पोहण्याच्या पिशवीत,
ओल्या कपड्यांच्या तळाशी घातला.

जानेवारी, आणि माझे पाय उघडे!
विसरच पडला होता मला त्यांचा.
किती पांढरे, सोललेल्या बटाट्यांसारखे.
हिल्ला त्यांच्यावर वाळू लोटत होती,
ओत्सो वरून पाणी घालत होता,
दोघं मिळून मला पेरत होते
आणि मी, खरं सांगते, उगवायला तयार होते.

बटाट्यांवरून आठवलं.
दोन्या कांदेलारिया दुपारी आणायची ते,
सुरकुतलेले, सालासकट, मिठाने पांढरे,
सोबत लाल तिखट चटणी.
ओत्सो म्हणाला, यांच्यावर हिमकण पडलेत.
तिला एक शब्द कळला नाही.
हसली, आणि आणखी दोन वाढले.

हॉटेलच्या कागदावर छापलं होतं,
इथे तुम्हाला काहीही करायचं नाही.
रेइयोने ते दोनदा वाचलं,
खाली बारीक अक्षरात काही अट आहे का बघत.
त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर
गिअर बदलत राहिला.

चौथ्या दिवशी वारा सुटला.
रात्रभर फुएर्तेव्हेंतुराच्या टेकड्या
जागच्या उठून चालत होत्या,
सकाळी त्यांच्यामधला रस्ता अर्धा नाहीसा.
दाताखाली कचकच घेऊन आम्ही नाश्त्याला बसलो
आणि तो आवाज आला:
डांबरावर घासत येणारं लोखंड.
मी तो झोपेतही ओळखते.
रेइयोने पाव खाली ठेवला.

पिवळं यंत्र. पुढे पातं.
पात्यापुढे फिकी लाट, कडेला कलंडणारी.
तो तसाच निघाला, अनवाणी.

चालकाचं नाव आयराम, हे मागाहून कळलं.
मी लांबून पाहत होते.
दोघं हातांनी बोलत होते:
तळहात तिरका, आणखी तिरका,
छे, एवढा नको, कड फुटते.
रेइयोने हात छातीपर्यंत नेला: आमच्याकडे एवढा.
आयरामने खांदे उडवले,
आधी रस्त्याकडे बोट दाखवलं, मग उद्याकडे.
उद्याकडे बोट कसं दाखवतात
मला ठाऊक नव्हतं. रेइयोला लगेच समजलं.
उद्या परत येणार. वितळतही नाही मेली.

मग तो केबिनमध्ये चढला.
जेवण आलं, निवलं,
मुलांनी त्याच्या वाटणीचा मासा संपवला.

परतला तेव्हा भुवयांत वाळू, कानांत वाळू.
"त्यांच्याकडे उन्हाळा येतच नाही," एवढंच म्हणाला,
शेजाऱ्याचं जुनं दुखणं सांगावं तसं,
आणि बसल्या जागी झोपला.

तीन तास. तोंड उघडं.
उजवा हात पालथा, वाळूत अर्धा बुडालेला, गप्प.
मी हळूच फोन काढून बघितला:
गावात रात्रीपासून पडतोय, अकरा कॉल.
परत ठेवला, कपड्यांच्या तळाशी.

भरती खुर्चीपर्यंत आली
आणि त्याची एक चप्पल घेऊन गेली.
कुणी उठायचं यावर आम्ही कुजबुजत भांडलो.
कुणीच उठलं नाही.
चप्पल लांब गेली, जवळ आली,
पुन्हा थोडी लांब.